बेस बोटांनी वाजवायला शिकताय? आधी उजव्या हाताकडे बघा

बेस, म्हणजे बेस गिटार, घेतला की पहिले काही महिने सगळं लक्ष डाव्या हाताकडे जातं. कुठली फ्रेट (दांडीवरची धातूची आडवी पट्टी), कुठलं स्केल, अमक्या गाण्याचा टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांनी लिहिलेलं) कुठे मिळेल. उजवा हात तोवर जमेल तसं काहीतरी ओढत असतो, त्याच्याकडे कुणी बघतच नाही. मग कधीतरी रेकॉर्ड करून ऐकलं की कळतं, सूर सगळे बरोबर आहेत पण एक मोठा, दुसरा बारीक, तिसरा मध्येच तुटलेला आणि मागे कुठलीतरी तार घूंऽ करत राहिलीय. सूर किती मोठा वाजणार, कसा वाजणार आणि बऱ्याचदा कधी थांबणार हेही उजव्या हातावर ठरतं, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की सुरुवातीला डाव्या हाताला काम कमी द्या आणि उजव्याला जास्त. डावखुरा बेस असेल तर उजवा-डावा उलटा करून वाचा, बाकी सगळं तेच.

वाद्याचं पटकन उरकून घेऊ. चार तारांचा साधा बेस पुरे, पाच-सहा तारांचा नंतर बघू. जाड तारेकडून ई, ए, डी, जी. बहुतेक बेसच्या तारेची वाजणारी लांबी 34 इंच असते, म्हणजे गिटारपेक्षा तारा लांब आणि जाड, त्यामुळे गिटारवरून आलेल्यांना सुरुवातीला फार जोर लावावासा वाटतो, तो लावायचा नाहीये, त्याबद्दल पुढे बोलू. तारा फ्रेटबोर्डपासून फार वर असतील तर आधी सेटअप करून घ्या. बाराव्या फ्रेटवर ई तारेखाली दोन-अडीच मिलिमीटर जागा असली की शिकायला ठीक. आणि आपल्याकडे पावसाळ्यात नेकचं, म्हणजे लांब दांडीचं, लाकूड ओल धरतं, नेकचा बाक बदलतो, मे महिन्यात छान चालणारा बेस ऑगस्टमध्ये एकतर खडखडायला लागतो नाहीतर तारा वर गेल्यासारख्या वाटतात. तेव्हा आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून हातावर जोर काढू नका, ज्याला ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक जुळवायची सळई) फिरवता येतो अशा माणसाला दाखवा. नखं कापा, निदान उजव्या हाताच्या तर्जनीचं आणि मधल्या बोटाचं. नख तारेला लागलं की टिक असा आवाज येतो आणि तो अँपमधून (अँप्लिफायरमधून) भलताच स्पष्ट ऐकू येतो.

बसून वाजवत असाल तरी पट्टा लावाच. बसल्यावर बेस जिथे असतो तिथेच उभं राहिल्यावरही राहील एवढी पट्ट्याची लांबी ठेवा. गुडघ्यापर्यंत लोंबणारा बेस स्टेजवर भारी दिसतो हे खरंय, पण तेवढा खाली गेला की दोन्हीपैकी एक तरी मनगट काटकोनात वाकतं आणि तासभर तसं वाजवून बोटांच्या शिरा ज्या चिमट्यात सापडतात त्याचा त्रास पुढे महिनोनमहिने निघतो. उजवा हात बघायचा असेल तर हे करा, उभे राहा, हात बाजूला सैल सोडा. बोटं आपोआप किंचित वाकलेली दिसतील, मनगट सरळ असेल. तोच हात, त्यातलं काही न बदलता, उचलून तारांवर आणा. कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग बेसच्या बॉडीच्या कडेवर हलका टेकू द्या, पण हाताचं सगळं वजन तिथे टाकू नका.

आता अंगठा. सुरुवातीला तो पिकअपच्या, म्हणजे तारांखाली त्यांचा आवाज पकडणारा जो लांबट डबा असतो त्याच्या, कडेवर ठेवा. दाबायचा नाही, टेकवायचा. ई तार वाजवताना अंगठा पिकअपवर. ए तारेवर गेलात की अंगठा ई तारेवर आणून ठेवा, डीवरही तिथेच चालेल, आणि जी वाजवताना अंगठा ए तारेवर सरकवा, असा की त्याची बाजू ई तारेलाही लागून राहील. याला सवय लागते, आठवडाभर फार विचित्र वाटेल, अंगठा विसरेल, परत आणा. फायदा असा की बोटं कुठल्याही तारेवर एकाच अंतरावर राहतात, जीपर्यंत पोचायला ताणावी लागत नाहीत, आणि ज्या जाड तारा आत्ता वाजवायच्या नाहीत त्या अंगठ्याखाली गप्प बसतात. काही जण अंगठा कुठेच न रोवता तारांवर आडवा तरंगता ठेवतात, तेही उत्तम, पण मला विचाराल तर आधी टेकवून शिका, मग तो आपोआप सैल होतो.

आणि आता मुख्य गोष्ट, एक स्ट्रोक. फक्त एक. अंगठा ई तारेवर. तर्जनीचं टोक ए तारेवर ठेवा, वाजवू नका, नुसतं ठेवा. नखालगतचं अगदी टोक नको आणि पहिल्या पेराची सगळी गादीही नको, त्याच्या मधला भाग. आता बोट तारेवर हलकं दाबा, तार किंचित आत जाईल, टोकाचं मांस थोडं चपटं होईल. मग बोट ए तारेवरून पुढे जाऊ द्या आणि ते थेट ई तारेवर जाऊन थांबलं पाहिजे. हवेत वर यायचं नाही. तार स्वतःकडे बाहेर खेचून सोडली तर ती फ्रेटवर आपटते आणि फट्ट असा आवाज येतो, पुढच्या तारेवर टेकणारा स्ट्रोक असला की सूर भरीव येतो आणि बोटाला थांबायला जागा मिळते. क्लासिकल गिटारवाले यालाच रेस्ट स्ट्रोक म्हणतात. ई तार वाजवताना पुढे तार नसते, तिथे बोट अंगठ्याला येऊन टेकतं. हालचाल बोटाच्या मुळाशी जो सांधा आहे तिथून, फक्त टोकाच्या पेरातून आकडा करून ओढू नका, त्याने लवकर थकवा येतो.

हाच एक स्ट्रोक दहा मिनिटं करा. खरंच. प्रत्येक वेळी बोट कुठे थांबलं ते बघा. मग मधल्या बोटाने तेच.

जोराबद्दल. अँपचा व्हॉल्यूम वाढवा आणि हात हलका करा, हे एवढं एक जरी पाळलंत तरी निम्मं काम झालं. तार जोरात ओढली की सुरुवातीला सूर किंचित चढतो, फ्रेटवर घासतो, आणि त्यानंतर जो मागे रेंगाळणारा सूर हवा असतो तो काही त्या प्रमाणात मोठा होत नाही. शिवाय हात आधीच पूर्ण जोरात असेल तर गाण्यात जिथे खरोखर जोर हवाय तिथे द्यायला काही उरतच नाही. हलक्या हाताला वर जायला जागा असते. घरी अँप मोठा करता येत नसेल, फ्लॅटमध्ये ते शक्यच नसतं कारण बेसचा आवाज भिंतीतून सरळ शेजारच्यांकडे जातो, तर हेडफोन अँप घ्या किंवा ऑडिओ इंटरफेसमधून (बेस मोबाइल-लॅपटॉपला जोडणारी डबी) ऐका. अँपशिवाय नुसता बेस वाजवून प्रॅक्टिस करणाऱ्यांचा हात हमखास जड होतो, कारण ऐकू यावं म्हणून ते नकळत जोर लावत राहतात. मित्राच्या छोट्या गिटार अँपमध्ये बेस लावून मोठ्याने वाजवू नका, त्याचा स्पीकर जाईल.

आता दोन बोटं आळीपाळीने. तर्जनीला त आणि मधल्या बोटाला म म्हणू. मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर लावा, मोकळी ए तार, प्रत्येक ठोक्याला एक सूर, त म त म. मग ठोक्याला दोन, मग चार. एका तारेवर असताना एकाच बोटाने सलग दोनदा वाजवायचं नाही, हा नियम सुरुवातीला कडक पाळा. मधलं बोट लांब असतं म्हणून ते थोडं जास्त वाकवावं लागतं, नाहीतर ते तारेत खोल जातं आणि त्याचा सूर वेगळा ऐकू येतो. बहुतेकांची तर्जनी मोठी आणि मधलं बोट मऊ वाजतं, काहींचं उलट. हे वाजवताना कळत नाही, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि डोळे मिटून ऐका, कुठलं बोट कुठलं ते ओळखू आलं तर अजून काम बाकी आहे.

ही दोन बोटं सारखी करायला माझ्या मते सगळ्यात उपयोगी पडतो तो आपला सहाचा ठेका. कोळीगीतांचा ठेका आठवा, एक-दोन-तीन चार-पाच-सहा, जोर एकवर आणि चारवर. तो त म ने वाजवला तर काय होतं बघा:

त म त | म त म | त म त | म त म

म्हणजे पहिला जोर तर्जनीवर, पुढचा मधल्या बोटावर, परत तर्जनीवर. चारच्या ठेक्यात जोर कायम तर्जनीवर येतो त्यामुळे मधलं बोट आयुष्यभर मागे लपून राहू शकतं, सहाच्या ठेक्यात त्याला लपता येत नाही. मोकळ्या ए तारेवर हे सावकाश करा, जोराचे सूर थोडे मोठे, बाकीचे मऊ, आणि मधल्या बोटाचा जोर तर्जनीएवढाच आला पाहिजे. कोळीगीतं, गरबा, कुठलंही सहाचं गाणं लावा आणि त्याच्यावर एकाच सुरात हे वाजवत बसा. कंटाळा येत नाही आणि काही आठवड्यांत हाताचा फरक दिसतो.

मग तार बदलायची. प्रत्येक तारेवर तीन सूर, ईपासून जीपर्यंत: ई वर त म त, ए वर म त म, डी वर त म त, जी वर म त म. इथे प्रत्येक नवी तार वेगळ्या बोटाने सुरू होते, तेच तर शिकायचंय. जीवरून खाली ईकडे येताना मात्र कडक आळीपाळी सोडा. जी वाजवून तर्जनी जाऊन टेकलीय कुठे, तर डी तारेवर. ती आधीच तिथे आहे, मग तिलाच पुढे जाऊ द्या, ती डी वाजवून ए वर टेकेल. याला रेक म्हणतात. तीन-तीन सुरांनी खाली येताना जीवर त म त, डीवर पुन्हा त म त, असं प्रत्येक तारेवर एकच नमुना राहतो, हाताला फार सोपं पडतं. फक्त एक धोका आहे, रेक करताना दुसरा सूर लवकर येतो, बोट घसरत गेल्यासारखं होतं, म्हणून ते मेट्रोनोमवर खूप हळू करा आणि दोन्ही सुरांच्या मधली जागा मोजून मापून ठेवा. आणि ऑक्टेव्हसाठी, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात, वेगळा हिशोब, ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी तर्जनीने आणि डी तारेवर पाचव्या फ्रेटचा जी मधल्या बोटाने, हे दर वेळी तसंच, मग ते वेगात गेलं तरी गोंधळ होत नाही.

आता म्यूटिंग, म्हणजे नको त्या तारा गप्प करणं, ज्याच्याकडे शिकणारे सगळ्यात उशिरा वळतात आणि जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक प्रयोग करून बघा. अँप जरा मोठा करा. बाकी कुठल्याही तारेला हात न लावता ई तारेचा तिसरा फ्रेट दाबून जी वाजवा, दोन सेकंद थांबा आणि ई तार हाताने बंद करा. सूर थांबला पाहिजे ना? थांबत नाही. मोकळी जी तार गुणगुणत राहते. तिला कुणी हात लावलेला नाही, पण ई तारेवरचा तो जी 49 हर्ट्झचा आणि मोकळी जी तार 98 हर्ट्झची, बरोबर दुप्पट, त्यामुळे ती स्वतःहून हलायला लागते. बेसवर असं सतत चाललेलं असतं, आणि बँडमध्ये वाजवताना सगळं गढूळ का वाटतंय हे कळत नाही त्याचं कारण बरेचदा हे असतं.

उपाय दोन्ही हात मिळून करतात. जाड तारा उजव्या हाताच्या ताब्यात, अंगठा आणि टेकलेलं बोट त्यांना धरून ठेवतं. पातळ तारा डाव्या हाताच्या ताब्यात, म्हणजे सूर दाबताना तर्जनी किंचित आडवी ठेवायची, तिचा खालचा भाग पातळ तारांना नुसता शिवून राहील, दाबणार नाही. एक बोट शिवलं आणि तिथे नेमका हार्मोनिक (तार नुसती शिवल्यावर येणारा बारीक, वरचा सूर) निघाला तर आणखी एक बोट टेकवा. आणि सूर संपवताना डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा, बोट तारेवरच राहू द्यायचं. उचललंत की मोकळी तार वाजलीच. आता वरचाच प्रयोग पुन्हा करा, या वेळी खरंच शांतता ऐकू आली पाहिजे. मग मेट्रोनोमवर एक ठोका सूर, एक ठोका पूर्ण गप्प, असं करा. गप्पचा ठोका सुराइतकाच नेमका हवा. हे नीट जमलेल्या माणसाने दोन सुरांची लाइन वाजवली तरी ऐकत राहावंसं वाटतं.

यातूनच घोस्ट नोट्स येतात, डाव्या हाताने तार नुसती झाकायची आणि उजव्याने वाजवायची, सूर नाही, नुसता ठक असा आवाज. टॉवर ऑफ पॉवर बँडचे बेसिस्ट रोको प्रेस्टिया ऐका, सोळाव्यांची (एका ठोक्याला चार सूर) अखंड रांग, त्यातले कितीतरी सूर असे झाकलेले, आणि तरी सगळं एका जागी घट्ट बसलेलं.

हात कुठे वाजवतोय याने आवाज किती बदलतो हे एकदा बसून ऐका. तेच बोट, तोच सूर, नेकच्या टोकाशी वाजवा, गोल, मऊ, थोडा सैल. हळूहळू ब्रिजकडे (बॉडीवर तारा जिथे अडकवलेल्या असतात तिकडे) सरकत या, सूर आवळत जातो, टोकदार होतो, तारही बोटाला कडक लागते. प्रसिद्ध बेसिस्ट जाको पास्टोरियस ब्रिजजवळच्या पिकअपवर वाजवायचे आणि त्यांचा तो बोलका, नाकातला वाटणारा सूर बराचसा तिथून यायचा. अँपची बटणं फिरवण्याआधी हात फिरवा. मी शिकणाऱ्यांना ब्रिजकडे थोडं जास्त वेळ वाजवायला सांगतो, तिथे तार कमी हलते, बोटाची चूक लगेच कळते.

जेम्स जेमर्सन यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या 60च्या दशकातल्या असंख्य गाण्यांवर त्यांचा बेस आहे, वाद्य 1962चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस, त्यावर जाड फ्लॅटवाउंड (वरून गुळगुळीत) तारा ज्या ते बदलायचेच नाहीत, ब्रिजच्या कव्हरखाली स्पंज, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. एकच बोट! त्याला लोक द हुक म्हणायचे. ते आधी डबल बेस (उभं राहून वाजवायचं मोठं लाकडी वाद्य) वाजवायचे, ती सवय. मग आपण दोन बोटांचा एवढा अट्टाहास का करतोय? कारण त्यांचं ते एक बोट लय, जोर आणि रेक या सगळ्यात इतकं तयार होतं की दुसऱ्याची गरज पडली नाही, आणि एका बोटाने आवाज एकसारखा आपोआप येतो. आपल्याला दोन बोटांतून तो एकसारखेपणा काढायचाय. उपयोगाची गोष्ट म्हणजे हळू गाण्यात मुद्दाम फक्त तर्जनीने वाजवून बघा, तो आवाज कानात साठवा आणि मग मधल्या बोटाकडून तसाच मागा. तसं बोटांनी वाजवणं हेच एकमेव अपेक्षित होतं असंही नाही, फेंडरने 1951मध्ये प्रिसिजन काढला तेव्हा त्यावर जी तारेच्या खालच्या बाजूला बोटं टेकवायची पट्टी होती, म्हणजे वाजवणारा अंगठ्याने वाजवेल असं धरलेलं होतं.

वेगाबद्दल सगळे विचारतात. 120च्या लयीत सोळावे वाजवायचे म्हणजे सेकंदाला आठ सूर, एकेका बोटाला चार. ऐकायला खूप वाटतं, पण चार वेळा बोट हलवणं हे टेबलावर बसल्याबसल्या कुणीही करतं. अडतं ते ताणामुळे. म्हणून ज्या लयीत खांदा वर जायला लागला किंवा अंगठा पिकअपवर रुतायला लागला तिथून दहा ठोके मागे या आणि तिथे राहा. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचे स्टीव्ह हॅरिस घोड्याच्या टापांसारखी ती लय बोटांनीच वाजवतात, पिक नाही, आणि त्यांचं ऐकून तिसरं बोट, चौथं बोट असं लगेच करावंसं वाटतं. मुंबईची बेसिस्ट मोहिनी डे हिचे व्हिडिओ बघून बेस हातात घेतलेली मुलंही भेटतात, त्यांना पहिल्याच महिन्यात सगळं हवं असतं. उत्साह फार चांगला आहे, तो ठेवा, पण दोन बोटं नीट होईपर्यंत तिसरं आणू नका, कारण तीन असमान बोटं ऐकायला दोनपेक्षा वाईट लागतात.

बोटांना फोड येतील. आला तर फोडू नका, दोन-तीन दिवस थांबा, कातडी हळूहळू घट्ट होते. कातडीचं दुखणं चालतं, पण मनगटात, कोपरात कळ आली किंवा बोटांना मुंग्या आल्या तर त्याच क्षणी वाजवणं थांबवा, आणि परत परत येत असेल तर डॉक्टरांना दाखवा, सहन करून वाजवत राहणं यात काही शौर्य नाही. रोज अर्धा तास वाजवलेलं रविवारी तीन तास वाजवलेल्यापेक्षा हाताला जास्त मानवतं.

गाण्यांबरोबर वाजवताना मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावू नका. मोकळी ई तार 41 हर्ट्झची असते, तेवढं खालचं मोबाइलच्या स्पीकरमधून निघतच नाही, तुम्ही फक्त वरचे अंश ऐकून अंदाजाने वाजवता. हेडफोन लावा. सुरुवातीला सूर शोधत बसू नका, गाण्यातल्या किक ड्रमवर (पायाने वाजणारा मोठा ढोल) कान ठेवा, एकाच मोकळ्या तारेवर किक जिथे पडते तिथे वाजवा आणि स्नेअर (कडक, टाळीसारखा वाजणारा ड्रम) पडला की सूर बंद करा. असं अख्खं गाणं. मग सूर घाला. हे जमलं की मेट्रोनोमचा ठोका फक्त दोन आणि चारवर येईल असा लावा, एक आणि तीन तुम्ही धरायचे, आणि तेही बसलं की त्याला आणखी पातळ करा, दोन मापांत एकच ठोका, मधली सगळी जागा तुमच्या बोटांची.